मास्तरांची दाढी

प्रिय बाळा,

सलाम, आणि तू कितीही मोठा झालास तरी गालावर एक पापा. खोलीला रंग दिलास, खिडकीशी माझा पलंग लावलास, महिनाअखेर मला न्यायला येतोस म्हणालास. सूनबाईने तर पडदे कुठल्या रंगाचे हवेत तेही विचारलं. मी फोनवर नुसती हं हं करत राहिले आणि तुला वाटलं, आईला पटलं. खरं सांगू? पटलंही नव्हतं आणि पटलं नव्हतं असंही नाही. बाबा गेल्यापासून माझं हे असंच चाललंय. चल म्हटलं तर चालेन, बस म्हटलं तर बसेन. लाँड्रीत जाते, हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालते, घरी येऊन जेवते. चव लागत नाही, पण ताट रिकामं होतं. डोळ्यांतून टिपूस आलं नाही म्हणून चर्चच्या मंडळीतल्या बायका जरा वेगळ्याच नजरेने बघतात. सुतारीणबाई मला धीर द्यायला आली, माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडली, आणि मीच तिची पाठ थोपटत उभी. बाबा असते तर पोट धरून हसले असते.

तू परत गेल्यावरच्या पहिल्या रविवारी काय झालं ते तुला सांगायचं राहूनच गेलं. आपले घंटाकाका तुला माहीतच आहेत. चर्चची घंटाही तेच वाजवतात आणि उपासना संपल्यावर सूचनाही तेच देतात, त्याही कागद न बघता, कारण सूचना वर्षानुवर्षं त्याच. त्या दिवशीही उभे राहिले आणि नेहमीच्या चालीत सुरू झाले, या आठवड्यात आजाऱ्यांच्या भेटीला सुतारीणबाई आजींकडे, न्हावीदादा मास्तरांकडे. जीभ पुढे निघून गेली आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की न्हावीदादांना, म्हणजे तुझ्या बाबांना, तर आपणच नुकतीच माती दिली. काकांचा चेहरा पांढराफटक, तोंड उघडं ते उघडंच. पाळकसाहेब उठायला लागले. मला काकांची कीव आली असं लिहिलं तर ते खोटं होईल, कारण मला काहीच वाटलं नाही. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, एवढंच. मी हात वर केला आणि म्हटलं, जाईन.

मास्तर म्हणजे तुझे गणिताचे मास्तर, तुझ्या तळहातावर पट्टी मोडली तेच. आता डोळे गेलेत, हात थरथरतात, पाय तर केव्हाचे संपावर. त्यांची सून दार उघडते आणि आपल्या कामाला लागते. त्या खडूस म्हाताऱ्याची दाढी तुम्ही कशाला करता, असं तू एकदा बाबांना तणतणत विचारलं होतंस, आठवतं? बाबा म्हणाले होते, प्रभूने एकमेकांचे पाय धुवायला सांगितलं, आपल्याला वस्तरा येतो म्हणून आपण दाढी करतो, एवढाच फरक. आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन शिट्टी वाजवत निघून गेले. त्यांनी घरात दिलेलं प्रवचन म्हणजे तेवढंच.

बाबांची वस्तरा-कात्रीची पेटी तू आठवण म्हणून घेऊन गेलास, तेव्हा मी कोपऱ्यावरच्या दुकानातून प्लास्टिकचं रेझर आणलं. तुला त्यांनी फुग्यावर फेस लावून दाढी करायला शिकवलं होतं, तसाच एक फुगा फुगवला आणि बसले. तो माझ्या तोंडासमोर फाडकन फुटला. भिंतीपलीकडची शेजारीण काय झालं काय झालं करत धावत आली. मी मात्र दचकलेही नव्हते. नाकावर, केसांत फेस, आणि मी तशीच बसून होते. तिने माझं तोंड पुसलं तेव्हा कुठे मला फेस लागल्याचं कळलं.

पहिल्याच दिवशी मी मास्तरांचा गाल कापला. तुरटी लावली तर म्हणाले, काप, काप, परीक्षा थोडीच आहे. दाढी करायला कोण आलंय हे त्यांना दार वाजलं तेव्हाच कळलं असणार, पण बाबांविषयी एक शब्द नाही. बाकी सगळे मला कशी आहेस विचारतात आणि मला उत्तर सापडत नाही. मास्तर फक्त गाल फुगवतात आणि मान फिरवतात. म्हणून मी जात राहिले. मास्तरांवर माझी प्रीती होती असं समजू नकोस. पाळकसाहेब प्रीतीवर बोलायला लागले की हल्ली मी खिडकीबाहेर बघते. मला पाणी तापवता येत होतं, फेस करता येत होता. जे येत होतं ते केलं.

गेल्या रविवारी दाढी आटोपून नेहमीसारखी लगबगीने उठले, तर मास्तरांनी मनगट पकडलं. भांडं इकडे आण म्हणाले, हात घाल आत. मला वाटलं काहीतरी सांडलं. तर त्यांनी चाचपडत माझ्या बोटांवरचा साबण धुवायला घेतला, एकेक बोट, नखांच्या कडांपर्यंत. निम्मं पाणी अंथरुणात. वर मलाच ओरडा, की तुझा नवरा दर वेळी धुऊ द्यायचा आणि तू मात्र काम झालं की पळतेस. म्हणाले, मला आता दुसऱ्या कुणासाठी काही करता येत नाही, एवढं तरी ठेव माझ्याकडे. बाळा, पाणी गरम होतं. मीच तापवलेलं, पण गरम आहे हे मला तेव्हा कळलं. मी रडले वगैरे नाही. हात बाहेर काढावासा वाटेना, इतकंच. बाबा गेल्यापासून मला काही वाटलं असेल तर ते हेच.

म्हणून हे पत्र, कारण फोनवर मी पुन्हा हं हंच केलं असतं. मी तिकडे राहायला येत नाही. मनाला लावून घेऊ नकोस, सूनबाईला पडदे तिच्या आवडीचे लावायला सांग. पण तू ठरल्याप्रमाणे महिनाअखेर ये आणि येताना बाबांची पेटी घेऊन ये, कपाटात ठेवून नुसता गंज चढेल तिला. मास्तरांच्या हनुवटीखाली एक खळगा आहे, तिथे माझं रेझर पोचत नाही आणि दर रविवारी तेवढे केस राहून जातात. बाबांचा हात तुला आलाय, मला नाही. एकदा तू करून दाखव, मी बघून शिकेन. आणि दाढी झाली की लगेच उठू नकोस. भांडं जवळ ओढ, आणि मास्तरांना तुझे हात धुऊ दे.

तुझीच,
आई