न आलेली शहरं

सर,

तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, आणि तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. आज लिहितोय ते रोमन सुभेदारांमुळे. गव्हर्नरला तुम्ही सुभेदारच म्हणायचात. फळ्यावर सिसिलीचा त्रिकोण काढायचात आणि सांगायचात, की हा रोमहून वर्षभरासाठी येतो, जमलं तर मुदतवाढ मिळवतो, आणि पदावर आहे तोवर त्याच्यावर खटला चालत नाही. परत गेला की मात्र प्रांतातले लोक त्याला कोर्टात खेचू शकतात. म्हणून हुशार सुभेदार आधीच सोय करून ठेवायचा. शहराशहरांतून शिष्टमंडळं रोमला जायची आणि याच्यासारखा भला माणूस आम्ही पाहिला नाही असं सांगायची. तेव्हा मी बाकावरून उठून अशा एका सुभेदारावर तोफ डागली होती. वर्गानं टाळ्या वाजवल्या. तुम्ही खडू खाली ठेवलात. "आवाज उत्तम आहे. आता सांग, कोणती शहरं आली नव्हती?" मला माहीत नव्हतं. "मग तू त्याला नुसत्या शिव्या दिल्यास. आलेल्यांचं ऐकून सुभेदार कळत नाही. न आलेल्यांकडे जावं लागतं."

तुमच्या निवृत्तीच्या दिवशी शाळेतर्फे मी बोलणार होतो. भाषण पाठ होतं, इस्त्रीचा शर्ट होता. मी माइकपाशी पोचलो आणि तुम्ही खुर्चीतूनच हात वर केलात. "संध्याकाळपर्यंत मुख्याध्यापक मीच आहे, आणि याच्या दाखल्यावर माझी सही व्हायचीय. मी याच्या काही उपयोगाचा उरलो नाही, की मग बोलू दे." लोक हसले. मी खाली बसलो. नंतर तुम्ही मला घरी नेलंत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे, तुम्ही चहा ठेवताय. "रागावलास का रे?" "हो." "चांगलं आहे. पण दूध उतू चाललंय ते बघत उभा राहू नकोस, गॅस बंद कर."

इथे ऑकलंडमध्ये मी आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष होतो. घटनेप्रमाणे दोनच मुदती मिळतात. माझ्या दोन्ही संपत आल्या, तेव्हा कमिटीनं ठरवलं की नियम बदलायचा आणि मला तिसरी द्यायची. गेल्या रविवारी शहराच्या पूर्वेकडे, फ्लॅट बुशच्या हॉलमध्ये सभा होती. मतदानाआधी प्रत्येक भागातून एकानं माझ्याबद्दल बोलायचं होतं. ही कल्पना माझी नव्हती, पण मी ती थांबवलीही नव्हती. एक जण तर वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिलहून विमानानं आला होता. सगळे छान बोलले. मला टाळ्या ऐकायची सवय आहे, त्यामुळे त्या खऱ्या होत्या हे सांगू शकतो. मग मी सेक्रेटरीला विचारलं, "हेन्डरसनतर्फे कोण?"

"तिकडून कोणी आलं नाही, काका. डोन्ट वरी, उलट वेळेत संपेल. चहा आणि मग मतदान. स्वीट ॲज, एकदम मस्त."

शहराच्या पार पश्चिमेला, हेन्डरसनला, एक निवृत्त बाई रविवारी मुलांचा मराठी वर्ग घ्यायच्या. गेल्या वर्षी मी तो फ्लॅट बुशला आणला. इथला हॉल नवा आहे, पार्किंग भरपूर आहे, आणि मंडळाच्या एकीवर मी जोरदार बोललो होतो. चहाच्या वेळेत मी बाहेर गाड्यांच्या मधे उभं राहून बाईंना फोन लावला. मागून त्यांची नात विचारत होती, "हू इज इट, आजी?"

"भाषणवाले काका," बाई म्हणाल्या. मग मला, "बोला अध्यक्ष. तुमच्या कौतुकाला यायचं तर मला अख्खा मोटरवे पार करावा लागतो. पोरांनाही तेच करावं लागायचं. चार रविवार केलं त्यांनी, मग सोडलं. माझी नात आता नुसतं ऐकते, बोलत नाही."

"तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"तुमच्यापुढे? तुम्ही बोलायला लागलात की आम्ही टाळ्या वाजवतो आणि घरी येतो."

मी आत गेलो. मुदतवाढ नको म्हणालो, आणि अध्यक्ष आहे तोवर एक ठराव मांडला, की वर्ग हेन्डरसनला परत न्यायचा. कोणी विरोध केला नाही. मी त्याचा काही अर्थ लावला नाही. माणसं माझ्यापुढे गप्प बसतात ती पटलं म्हणून की कंटाळून, हे खुर्चीतून दिसत नाही, आणि कितीही सज्जन माणूस बसवला तरी दिसणार नाही. म्हणून खुर्चीला मुदत हवी. हे मी आता कुठल्याही सभेत सांगेन, अर्थात कोणी बोलावलं तर. येत्या रविवारी हेन्डरसनला जाणार आहे. बाईंनी सांगितलंय, मागच्या बाकावर बसा आणि तोंड उघडू नका.

आता तुम्ही माझ्या काही उपयोगाचे नाही, सर. तुमची अट पुरी झाली. हा कागद कुठे पाठवायचा नाही, त्यामुळे ते अडवलेलं भाषण इथेच उतरवून काढावं असं वाटलं होतं. बराच वेळ बसलो. त्यातलं एकच वाक्य आठवलं, आणि ते माझ्याबद्दल होतं.