ड्यूटी बदलताना

आदरणीय मेट्रनबाई,

"पेशंटने एक थोबाडीत मारली, तर एवढं काय रडायचं?" असं तुम्ही काल सगळ्यांसमोर विचारलंत. मार तर मी याआधीही खाल्ला आहे.

पेशंटवर माझा राग नाही, तो भेदरला होता. डॉक्टरांनी त्याची विचारपूस केली. मला तुम्ही म्हणालात, "तोंड धू आणि औषधं वाटायला घे." फोनवर बाबा म्हणाले, "घरातली पहिली पदवीधर तू! सोड ती नोकरी." मी सोडणार नाही, आणि निमूट सोसणारही नाही.

आज ड्यूटी बदलताना प्रत्येक पेशंटची झोप, जेवण, मनःस्थिती सांगून झाली. मग मी म्हटलं, "आता आपलं," आणि स्वतःपासून सुरुवात केली. थोरल्या सिस्टर हसल्या, "आम्ही काय अ‍ॅडमिट आहोत का गं?" नंतर त्याच सगळ्यांत जास्त बोलल्या.

हे पत्र तुम्हाला देत नाही, कारण ते परवानगी मागितल्यासारखं होईल. वॉर्डच्या फळ्यावर रोजच्या कामांत 'सिस्टरांची विचारपूस' मी लिहून टाकली आहे. खाली सही माझी एकटीची आहे.

तुमच्याच वॉर्डातली,
नवी सिस्टर