भाभीने सोडून दिलेला पार्ट

प्रिय गुनीत,

तुझा फोन येऊन आठ दिवस झाले. "चाचाजी, बीजीला तुम्हीच समजवा, तुमचं ती ऐकते," असं तू म्हणालीस आणि मी "हो पुत्तर" म्हणून मोकळा झालो. फोनच्या पडद्यावर तुझा चेहरा दिसला की मला खरं बोलता येत नाही, नुसता हसत सुटतो. म्हणून कागद घेऊन बसलोय. इकडे जनता नगरच्या आपल्या गल्लीत गटाराचं खोदकाम चाललंय, माल टेम्पोपर्यंत हातांनी न्यावा लागतो. तुझी बीजी चौसष्टाव्या वर्षी फळीवरून तो खड्डा ओलांडते आणि साडेआठला शेडचं कुलूप काढते. मी हात पुढे केला तर म्हणाली, "आधी स्वतःचे गुडघे सांभाळ, रघबीर."

तुझे पापाजी काविळीने गेले तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. शेडमध्ये दोन लेथ, एक प्रेस आणि सायकलच्या मडगार्डच्या तारांचं काम, तेही एकाच मोठ्या कारखान्यासाठी. शेवटची प्रार्थना, अंतिम अरदास, होऊन महिना झाला नाही तोच कारखानेवाल्यांनी ते काम दुसऱ्याला दिलं. सगळ्यांना वाटलं, आता तुझी आई, माझी भाभी, मशीनं विकणार. तिने मला विचारलं, "तू पेडलच का बनवतोस?" मी म्हणालो, "शेजारचा सोहन बनवायचा, त्याने दुमजली घर बांधलं, म्हणून." लुधियानात आमचं बहुतेकांचं असंच. शेजाऱ्याचं चाललं की आपणही तेच, नाहीतर घरातल्या मशीनवर जे निघेल ते. त्यातून घंटी, हँडल असं चकचकीत काही असलं तर उत्तम, दुकानात टांगलं की दिसतं.

भाभीने कापडी पिशवी घेतली आणि दुरुस्तीच्या दुकानांत जाऊन बसू लागली. मुन्शीराम मिस्त्री तर वैतागलाच. "बीबीजी, लोक नवा माल मागतात, तुम्ही भंगार कसलं मागता?" ती म्हणाली, "तुम्ही वैतागून जे डब्यात फेकता ना, तेच मला बघायचंय." दोन आठवड्यांनी परातभर मोडके पार्ट घेऊन ती घरी आली, पलंगावर वर्तमानपत्र पसरून ढीग लावले. तूही लावलेस, काळे हात माझ्या पगडीला पुसलेस. सगळ्यात मोठा ढीग कोनांचा निघाला. चाकाच्या आसावर छर्‍यांना धरून ठेवणारा बोटाच्या पेराएवढा तुकडा. बाहेरून दिसतही नाही, पण त्याला खड्डे पडले की चाक डगमगतं. तिने कोन बनवायला घेतले. लेथवर ती स्वतः उभी राहायची, पोलाद कडक करायच्या भट्टीवर स्वतः घड्याळ धरायची. वर्षभरात मिस्त्री लोक गिऱ्हाइकाला सांगू लागले, "भाभीवाला टाकू का?"

आता पुढचं. तुझ्या मनात इतकी वर्षं असं आहे, की बीजीने चाललेला कोनाचा धंदा लहरीपणाने सोडला, आणि चाचाने तो उचलला म्हणून घर तरलं. कॉलेजात असताना तू तिच्या तोंडावर म्हणालीस, "बीजी, तुला धंदा कळत नाही." मी तिथेच चहा पीत बसलो होतो. कप संपवून मी निघून गेलो.

गुनीत, कोन मी उचलला नव्हता, चोरला होता. माझी पेडलं विकली न जाता पडून होती. तिचं माप, तिचं पोलाद, तिचे व्यापारी, मला सगळं ठाऊक होतं, कारण रोज जेवायला मी तिच्याच स्वयंपाकघरात होतो. मी गुपचूप कोन काढले, भट्टीतला वेळ निम्मा केला आणि तिच्यापेक्षा स्वस्त विकले. चार महिन्यांत तिचे लेथ थांबले. एका दुपारी ती माझा कोन मुठीत घेऊन माझ्या दारात आली. मला वाटलं, आता गल्ली गोळा होणार. तिने तो माझ्या टेबलावर ठेवला. "हा वरून कडक आहे, आत कच्चा. पूर्ण वेळ भट्टीत ठेव, नाहीतर मिस्त्री तुला दारात उभं करणार नाहीत." मग म्हणाली, "एका गल्लीत दोघांनी हेच बनवलं तर दोघंही बुडू. तू बनव. मी दुसरं बघते." आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पिशवी घेऊन निघाली.

या वेळी तिला मोडलेलं नाही, कुणी बनवतच नाही असं काहीतरी सापडलं. शिवणकाम करणारी, पायांनी अधू राजरानी मुन्शीरामकडे आली होती, हातांनी फिरवायच्या तीनचाकीवर. मिस्त्रीने पायाचंच पेडल हाताने फिरवायला वर वेल्डिंग करून दिलं होतं. भाभीने तिचे तळहात उलटे करून पाहिले; फोडांवर फोड होते. तिने हाताच्या मापाची मूठ बनवली, छर्‍यांवर फिरणारी, आणि दांडा तीन लांब्यांचा, कारण सगळ्यांचे हात सारखे नसतात. मोठा कारखाना पन्नास नगांसाठी साचा बनवत नाही. तिने बनवला. पहिली दोन वर्षं घरात डाळ पातळ होती, ते तुला आठवत असेल. आज बिहार-राजस्थानातून लोक शेड शोधत येतात. परवा तिचीच मूठ वापरणारे एक मास्तर आले आणि नुसते हात पुढे करून दाखवत राहिले. कुठे घट्टा नव्हता.

तू म्हणतेस, बीजीला तुझ्याकडे परदेशी, ब्रॅम्प्टनला न्यावं आणि शेड माझ्या कारखान्याला जोडून द्यावी. काल मी तिच्याकडे गेलो होतो, तिला समजवायला नाही. म्हटलं, "भाभी, मी गुनीतला पत्र लिहितोय." ती मूठ घासत होती. मान वर न करता म्हणाली, "लिही. गटाराचं लिही, तब्येतीचं लिही. कोनाचं लिहू नकोस. वडील नव्हते पोरीला, तिचा चाचा तरी राहू दे." इतकी वर्षं ती तुझे टोमणे याचसाठी ऐकत होती, हे मला काल कळलं. तिचं मी आयुष्यात एकदाच ऐकत नाहीये. शेड मी घेणार नाही. तू तिला फोन कर, आणि ती काय बनवते ते विचार.

तुझाच,
रघबीर चाचा