पायांची दोरी

मिर्लान,

शिकागोहून निघाल्यापासून आयझिरेक विमानात सारखी रडत होती. शेजारचा म्हातारा वैतागला, "अगं बाई, फिरव तरी तिला!" खाली उतरवली, तर पोरगी चक्क पहिलं पाऊल टाकत माझ्याकडे आली. हे मी तुझ्या आईंना सांगितलंच नाही. पहिलं पाऊल मोकळं पडावं म्हणून नातीच्या पायांना बांधतात ती दोरी कापायचं सुख त्यांना मिळू दे, म्हटलं.

काल बिश्केकला अंगणात त्यांनी दोरी कापली. पोरगी तुरुतुरु धावत त्यांच्याच कुशीत शिरली. त्या हसल्या, "आता खुशाल जा कामावर. ही राहील माझ्याजवळ."

"पुढच्या वर्षी आणू तिला शिकागोला," असं तू म्हणशील. तुझा भाऊही पोरांना आईंकडे ठेवून असंच म्हणायचा. त्याची पोरं आता त्याला ओळखत नाहीत.

मघाशी परतीच्या विमानात हवाईसुंदरी पट्टा घट्ट करायला सांगून गेली. मी तो दोघींच्या मापाचा ठेवला होता.

एकटीच परत येणारी,
नुरजमाल