सुताराच्या भाकरीची साखी

दारजी, तुम्हाला मराठीतच लिहितेय. तुम्ही शिकवलेली गुरुमुखी लिपी मी भराभर वाचते, पण चार ओळी लिहायच्या म्हटलं की अजून अडखळते. मुलुंडला तुमच्या सुतारकामाच्या गाळ्यात, प्लायवुडच्या थप्पीवर वर्तमानपत्र पसरून तुम्ही मला अक्षरं गिरवायला लावलीत. मी कोकणातल्या गिरणी कामगाराची मुलगी, शिखांच्या इतिहासावर पीएचडी करायला निघालेली. तुम्ही कसलीही चौकशी न करता म्हणालात, "उद्यापासून ये. चार वाजता. चहा इथंच पिऊ."

जन्मसाख्या आपण तिथंच वाचल्या. पहिल्या गुरूंच्या आयुष्यातल्या या गोष्टी, त्यांच्यानंतर कितीतरी वर्षांनी भक्तांनी लिहून काढलेल्या. तुमची आवडती साखी एकच. गुरू श्रीमंताचं जेवण सोडून गरीब सुताराकडे जेवतात. श्रीमंतानं जाब विचारल्यावर दोघांकडचं अन्न मुठीत पिळतात, तर सुताराच्या भाकरीतून दूध येतं आणि श्रीमंताच्या पुरीतून रक्त. वाचताना तुमचा आवाज दर वेळी कापायचा. "सुतार होता तो, आपल्यासारखा," रंधा बाजूला ठेवून सांगायचात. मी एकदा फटकन म्हणाले, "पण हे घडलं कशावरून?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "आधी नीट वाच. मग खोटं काढ." मला राग आला होता. आज विद्यार्थ्यांना मी हेच ऐकवते, जणू माझंच वाक्य.

नीट वाचलं म्हणूनच कळलं. मी पाहिलेल्या जुन्यात जुन्या पोथ्यांत ती साखी नव्हतीच. ती नंतरच्या पोथ्यांत येते. प्रबंधात तसं लिहिलं. घडल्याचा पुरावा म्हणून ती धरता येत नाही, लिहिणाऱ्यांना काय खरं वाटत होतं ते मात्र तिच्यातून कळतं. प्रबंध बांधून आला तशी तो घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही हात धुऊन, पगडी सारखी करून बसलात. "मला इंग्लिश येत नाय. आपल्या सुताराचं काय लिहिलंस ते वाच ना." मी पान उघडते. तुमच्याकडे बघते. आणि इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत मराठीत सांगते, "ही साखी खरी आहे, असं लिहिलंय." तुम्ही रडलात. मग शेजारच्या गाळेवाल्याला हाक मारून पेढे आणायला पाठवलंत.

परवा तुमची नात घरी आली होती. तुमच्या आठवणींची पुस्तिका गुरुद्वारात वाटायची आहे, तिचं प्रूफ घेऊन. त्यात छापलंय की एका मराठी बाईंनी जुन्या पोथ्या तपासून ही साखी शब्दन् शब्द खरी असल्याचं सिद्ध केलं. तुम्ही येईल त्याला सांगायचात म्हणे. उशिरा लिहिलेलं, ऐकीव, प्रेमापोटी वाढवलेलं, ज्यावर मी आयुष्यभर लाल पेन चालवलं ते सगळं त्या एका परिच्छेदात होतं आणि त्याची सुरुवात माझ्यापासून होती. थकलेय हो, दारजी. चर्चासत्रांत अर्धे म्हणतात सगळं खरं, अर्धे म्हणतात सगळ्या भाकडकथा, आणि मधे उभी राहून मी तेच ते समजावत असते. इथे माझ्याच सोफ्यावर बसून ही पोर विचारत होती, "आंटी, चेक करा ना प्लीज. बरोबर आहे ना सगळं? उद्या प्रेसला जाणार."

मी छपाईच्या दोन चुका दुरुस्त केल्या, "बरोबर आहे" म्हणाले आणि प्रूफ परत दिलं. तिनं जाताना वाकून नमस्कार केला. दारजींचं मन मोडायला नको, असं दोन दिवस स्वतःला सांगतेय. पण तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, तुमचं मन आता कोण मोडणार? हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच. त्या दिवशी गाळ्यात मी तुमच्यासाठी खोटं बोलले. परवाचं खोटं माझ्यासाठी होतं.