राईसाच्या घराची किल्ली

मेनोनाइट केंद्र, तिखा बाल्का
१३ ऑक्टोबर २०११, गुरुवार

प्रिय राईसा,

कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? बदकं ठीक आहेत ना? इकडे सगळं बरं आहे, म्हणजे तू नसताना जेवढं बरं असू शकतं तेवढं. माझ्या युक्रेनियनमधल्या चुकांना नेहमीसारखी हस. हसलीस तर मला बरंच वाटेल.

आज म्हाताऱ्यांच्या जेवणाचा दिवस. सत्तेचाळीस पानं होती. बिटाचं सूप, बोर्श्त, मी केलं. मिकिता आजोबांनी पहिला चमचा तोंडात घातला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, आजोबा."

"मग मयताच्या घरचं असल्यासारखं का लागतंय? राईसाला बोलवा. नाहीतर मला नुसती बिटं द्या, कच्ची खातो."

सगळे हसले. मीही हसले आणि भांड्यांचं निमित्त करून आत निघून गेले. अकरा वर्षं त्या चुलीपाशी तू होतीस. मला अजून मीठ कुठल्या डब्यात आहे ते शोधावं लागतं.

कॅनडातून, मॅनिटोबाहून गोधड्या आल्या आहेत, यंदा रंग जरा भडकच. नळ पुन्हा गळतोय. आणि सोमवारी मी जातेय, मुलीकडे विनिपेगला. परत यायचं नाही, वय झालं. हे तुला गावातून कळलं असेलच. माझ्याकडून आधी कळायला हवं होतं.

जूनमधल्या त्या दिवसाबद्दल लिहायला बसले आणि नळाबद्दल लिहिलं बघ.

उन्हाळ्यात कॅनडाहून आमची माणसं आजोबा-पणजोबांची घरं शोधत येतात. त्यांना आपण जेवू घालायचं, निजायला खोली द्यायची, गाव दाखवायचं. घराच्या आत मात्र घरच्यांनी बोलावलं तरच जायचं. हा नियम मीच लिहून दारावर लावलाय. तुझं घर पूर्वी रेम्पेलांचं, म्हणून पाहुण्यांतल्या रेम्पेल गुरुजींना मी तुझ्याकडे न विचारता घेऊन आले. म्हटलं, राईसा आपलीच आहे, तिला काय विचारायचं. तुझे हात पिठाने भरले होते. तरी तू धुतलेस, नक्षीचा पंचा काढलास, पाव आणि मीठ पुढे ठेवलंस. पाहुणा आला की आधी त्याच्या पोटाचं बघायचं, नावगाव मागाहून, ही तुझी रीत.

गुरुजींनी भिंतीवरून हात फिरवला. तुझं कपाट उघडून पाहिलं. मधल्या भिंतीतली भट्टी पावलांनी मोजली आणि रडायला लागले. त्यांच्या रडण्याचा मला राग नाही. माझे पणजोबाही क्रांतीच्या धामधुमीत याच गावातून एक गाठोडं घेऊन पळाले होते. मग त्यांनी आमच्या जुन्या बोलीत, प्लाटडीचमध्ये, मला विचारलं, "ही माणसं इथे राहतातच कशी?" आणि मी त्याच बोलीत म्हणाले, "काय करणार? राहतात. घर तर आपलंच आहे."

तू पाव कापत होतीस. सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली. तू आम्हाला दोन-दोन तुकडे वाढलेस आणि स्वतः खाल्लं नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलीस, एप्रन खुंटीला लावलास, कणीक मळायच्या फळीवर किल्ली ठेवलीस आणि स्वच्छ प्लाटडीचमध्ये म्हणालीस, "घे. घर तुमचं आहे ना?" आणि गेलीस.

तेव्हा मी तुझ्या मागे धावायला हवं होतं. मी काय केलं? कांदे चिरले. आम्हा मेनोनाइट लोकांना भांडता येत नाही, राईसा. कुणावर हत्यार उचलायचं नाही याचा आम्हाला फार अभिमान, पण त्यापायी तोंड उघडायचीही सवय गेली. कुणाला दुखावलं की आम्ही खोकं पाठवतो. मी तुला खोकं पाठवलं. तांदूळ, तेल, साबण, वर गोधडी. खोकं द्यायचं तर गरजूंच्या यादीत नाव हवं, म्हणून लिहिलं, 'राईसा होन्चार, विधवा, एकटी.' जी बाई अकरा वर्षं माझ्याबरोबर अशी खोकी भरत होती, तिला मी स्वतःच्या हाताने यादीत घातलं. लाज वाटते.

आपला ड्रायव्हर ओलेक्सा गाडीतून खोकं परत घेऊन आला. सगळं जसंच्या तसं, आणि वर तुझी चेरीच्या मुरंब्याची बरणी. म्हणाला, "मावशी म्हणाल्या, आमच्यात रिकामं परत करायची पद्धत नाही." आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. त्यालाही कळलं होतं.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. तुझ्या मुलीला, ओलेक्साला, सगळ्यांना मी हेच सांगत आले की राईसाला आमची बोली येते हे मला ठाऊक नव्हतं. ते खोटं आहे. आपल्या दुसऱ्या हिवाळ्यात पीठ फुगेना तेव्हा तू त्याला प्लाटडीचमध्ये शिव्या घातल्या होत्यास, थेट माझ्या आजीच्या शिव्या. मी चाट पडले. तू म्हणालीस, "माझी आजी नवव्या वर्षापासून रेम्पेलांकडे कामाला होती. तबेल्यात निजायची. शिव्या तिथेच शिकली. पण कुणाला सांगू नकोस हं, पाहुणे गप्पा मारत बसतील आणि माझं बोर्श्त करपेल." मी कुणाला सांगितलं नाही. विसरलेही नाही.

मला ठाऊक होतं, राईसा. तू तीन पावलांवर आहेस आणि तुला कळतंय, हे ठाऊक असून मी बोलले. त्या क्षणी मी तुझी मैत्रीण नव्हते. मी मालकांची पणती होते आणि तू कामवालीची नात. कामवाली खोलीत असताना मालकीण जशी बोलते, तशी मी बोलले. एवढं माझ्यात शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं.

मुरंबा चार महिने उघडायचा धीर झाला नाही. आज उघडला. मिकिता आजोबांना चहाबरोबर एक चमचा दिला. म्हणाले, "राईसा आली वाटतं." मी म्हटलं, नाही. उरलेला मी एकटीने उभ्या उभ्या खाल्ला आणि बरणी धुऊन पुसून ठेवली.

ती ओलेक्साबरोबर पाठवतेय. रिकामी नाही. तुझी किल्ली तिच्यात आहे. दुसरी तुझ्यापाशी आहे हे जाणून आहे, नाहीतर बदकांबरोबर निजली असतीस. पण ही माझ्याकडे राहायला नको होती.

सोमवारी नऊला आमची गाडी तुझ्या गल्लीतून जाईल. मी फाटकाशी उतरेन. तू बोलावलंस तर आत येईन. नाही बोलावलंस तर जरा वेळ उभी राहून निघून जाईन आणि तुला बोल लावणार नाही.

शेवटची ओळ आमच्या बोलीत लिहितेय, कारण चुकले ती त्याच बोलीत.

घर तुझं आहे. पाहुणी मी होते.

तुझ्या फाटकाबाहेरची,
युस्टीना