आजोबा झाडावर अडकतात ते पुस्तक

दीक्षितपुरा, जबलपूर
रविवार, २१ नोव्हेंबर १९६५

प्रिय विनता,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच चुलीत टाकलं नसशील, तर पुढे वाच. टाकलं असशील तर बरोबरच केलंस.

आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे पत्रात लिहितात तेवढे. लढाई थांबून दोन महिने झाले, पण गन कॅरेज फॅक्टरीतला ओव्हरटाइम थांबलेला नाही. तुझे रत्नाकर भावजी बारा-बारा तास उभे राहून येतात आणि जेवता जेवता पेंगतात. श्रीरंग पाचवीत गेला. कांजिण्यांचा एकच व्रण राहिलाय, भुवईवर. बाकी गाव तू सोडलंस तसंच आहे आणि मंडळाचं वाचनालयही तिथेच, जिन्याखाली. तुझ्या खुर्चीवर मी बसते हे तुला कोणीतरी कळवलं असेलच. तीन वर्षं झाली. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. का, ते विचारू नकोस. नाहीतर विचारच. सांगायलाच बसले आहे.

तू गेल्यावर मला पहिलं काम दिलं ते बालविभागाची कार्डं 'शिस्तीत' लावायचं. भय्यासाहेब म्हणाले, कार्यवाह मी आहे, आणि हा खण पाहून मला लाज वाटते. पुस्तकाचं कार्ड लेखकाच्या आडनावाने न लावता मुलं मागतात त्या नावाने लावायचं, ही काय पद्धत झाली? 'ब' मध्ये 'बदकं रुसतात'. 'म' मध्ये 'म्हातारी विहिरीशी बोलते'. आणि 'ज्याचं शेवटचं पान फाटलंय ते', हेसुद्धा 'ज' मध्ये! मी दोन महिने बसून नवी कार्डं केली. सुंदर अक्षरात, आडनावाने. शाबासकी मिळाली. तेव्हापासून एकाही पोराने तो खण उघडलेला नाही. आठ वर्षांचं कोणतं पोर लेखकाचं आडनाव विचारत येतं, सांग बरं? पण खण इतका नीटनेटका दिसतो, की पाहुणे आले की भय्यासाहेब तो मुद्दाम ओढून दाखवतात.

दसऱ्यानंतर एका दुपारी आमच्या गल्लीतली बेबी आली. तुझी ज्योती आठवते ना, खिडकीत बसून वाचायची ती? तिची धाकटी बहीण. टेबलाला हनुवटी टेकवून म्हणाली, "दीदी, ते आजोबा झाडावर अडकतात ना, ती वाली किताब पाहिजे."

"कोणी लिहिलंय ते?" मी विचारलं.

"मला काय मालूम? ज्योतीदीदी बोलली, छोट्या खणात 'आ' मध्ये बघ. आजोबाचा 'आ'."

मी खण ओढला. 'आ' मध्ये आपटे, आठवले, आगाशे. कार्डं चाळल्याचं नाटक केलं आणि म्हटलं, "असं पुस्तक नाही गं आपल्याकडे."

"नाही कसं? दीदीने वाचलंय ना."

"चलो, दुसरं देते." मी तिला सामान्यज्ञानाचं एक पुस्तक दिलं. तिने ते उघडलं, मिटलं आणि अगदी सभ्यपणे परत ठेवलं. मग दारातून वळून विचारलं, "पण दीदी, आजोबा उतरतात ना शेवटी?"

"उतरतात," मी म्हटलं. चटकन म्हणून गेले. जे पुस्तक आपल्याकडे नाही, त्याचा शेवट मी सांगितला. पोरगी माझ्याकडे बघत राहिली आणि निघून गेली. मला त्या वेळी स्वतःचा जो वीट आला, तो अजून गेलेला नाही.

आता दिवाळीचं ऐक. भय्यासाहेबांकडे फराळाला जायचं म्हणजे जायचंच, तुला ठाऊक आहे. सप्टेंबरात ब्लॅकआउटच्या हुकमाने सगळ्यांनीच काचांना कागद चिकटवले होते. आमच्याकडे वर्तमानपत्रं होती, ती मी लढाई थांबली त्याच आठवड्यात खरवडून काढली. त्यांच्या दिवाणखान्यात मात्र कागद अजून तसेच होते. काचेकडची बाजू शाईने काळी केलेली, खोलीकडची तशीच. मी ताट घेऊन खिडकीपाशी बसले आणि समोर पाहिलं, तर बदकं. ओळीने चाललेली, चोची फुगवलेली बदकं. शेजारच्या काचेवर विहिरीत डोकावणारी म्हातारी. खालच्या कोपऱ्यात आपल्या मंडळाचा गोल शिक्का आणि तुझ्या हातचा क्रमांक, बा-८८.

भानुमतीवहिनी मला बघून हसल्या. "छान बसलेत ना कागद? जुनी पुस्तकं पडून होती घरात, नातवंडं मोठी झाली. जाड कागद, एकदम पक्का चिकटला. काढायला जीवच होऊन नाही राहिला बघा!"

विनता, माझ्या तोंडात करंजी होती. ती गिळवेना आणि थुंकवेना. मी मोजलं. सहा तावदानं, प्रत्येकावर चार पानं. आत भय्यासाहेब कोणाला तरी सांगत होते, की हल्लीच्या पोरांना वाचनाची गोडीच राहिली नाही. मला शिसारी आली. त्या माणसाची, त्या तुपकट ताटाची, त्या गादीची, सगळ्याचीच. आणि तरी मी उठताना वहिनींच्या पाया पडले. सवय.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले आणि कपाटावरच्या जुन्या रजिस्टरांखालून ते पुडकं काढलं. 'रद्द' असा शिक्का मारून सुतळीने बांधलेली तुझी चौसष्ट कार्डं. मला ते फेकायला सांगितलं होतं. फेकलं नाही, पण तीन वर्षांत सोडलंही नाही. का सोडलं नाही, ते थोडं थांब, सांगते.

बा-८८ काढलं, उलटं केलं. मागे तुझी बारीक पेन्सिल: 'भय्यासाहेबांकडे, नातवंडांसाठी. नोंद नको म्हणाले.' पुढचं उलटलं. 'भय्यासाहेब.' 'श्यामसुंदरराव, मुलीच्या वाढदिवसाला. नोंद नको.' 'भय्यासाहेब.' 'श्यामसुंदरराव, दोनदा मागितलं.' मी जमिनीवर फतकल मारून सगळी कार्डं पसरली. चौसष्टपैकी त्रेसष्ट मंडळाच्याच त्या दोन पदाधिकाऱ्यांच्या घरांत.

मला ती बासष्ट सालची सभा आठवली. चीनची लढाई चालू होती. सदर बाजारातल्या लष्करी इस्पितळात जवानांना पुस्तकं पाठवायची म्हणून कपाटं मोजायला काढली आणि बालविभागातली चौसष्ट सापडेनात. भय्यासाहेब टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, "बाईंनी फॅक्टरीतल्या मजुरांची पोरं आत घेतली, दुसरं काय होणार?" तू उभी होतीस. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होतास. तू एवढंच म्हणालीस, "त्या पोरांनी एकही पुस्तक नेलेलं नाही." मग त्यांनी मला विचारलं, कारण मी तुझी मैत्रीण आणि रोज दुपारी तिथेच असायची: "शरयूताई, तुमच्या पाहण्यात काही?"

मी म्हटलं, "मला काही माहीत नाही."

ते विचारत होते तेव्हा आमच्या घरी, रजयांच्या ट्रंकेत, तळाला, ते आजोबांचं पुस्तक होतं.

तूच दिलं होतंस. श्रीरंगाला कांजिण्या झाल्या होत्या, अंगाची आग आग व्हायची, आणि तेवढं एक पुस्तक हातात असलं की तो खाजवायचा थांबायचा. तू म्हणालीस, घेऊन जा, नोंदीचं नंतर बघू. तो बरा झाला, पण पुस्तक सोडीना. कव्हर फाटलं. मी म्हटलं, चिकटवून देते. मग म्हटलं, पुढच्या आठवड्यात देते. तेवढ्यात मोजणी निघाली. आणि एकदा चोरीचा शब्द सभेत उच्चारला गेल्यावर ते पुस्तक पदराखाली घेऊन जिना चढायची माझी छाती झाली नाही. त्यात तुझी जागा रिकामी झाली आणि ती मला दिली. मी ती घेतली. हे जास्त वाईट आहे, मला कळतं.

ते चौसष्टावं कार्ड मी सगळ्यात शेवटी उलटलं. मला वाटलं होतं, तुझ्या लक्षात नसेल. तुझ्या लक्षात होतं. त्यावर काय लिहिलं होतंस, ते तुला सांगायला नको, पण मला लिहू दे: 'शरयूकडे. श्रीरंगाला कांजिण्या. मागू नये. आपणहून देईल.'

म्हणजे त्या सभेत तू उभी होतीस आणि सुटायचा रस्ता दोन हातांवर होता. खण ओढून कार्डं उलटी करायची, बस. तू केली नाहीस, कारण माझंही कार्ड त्यात होतं. एक बाजूला काढून त्रेसष्ट पुढे करायचीस ना गं! पण तुला अर्धी यादी दाखवणं जमलंच नसतं. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. मला वाटलं, तू मदत मागतेयस. तू वाट बघत होतीस.

आता मुद्द्याचं. अमरावतीहून तुझ्या त्या कन्याशाळेचं पत्र मंडळाला आलं. ग्रंथपालाच्या जागेसाठी तुझा अर्ज आहे, तुझ्याविषयी अभिप्राय हवा. भावाच्या घरी, वहिनीच्या हाताखाली तुझे दिवस कसे जात असतील याची मला कल्पना आहे, म्हणून ते पत्र पाहून मला बरं वाटलं होतं. भय्यासाहेबांनी उत्तर सांगितलं: 'सदर बाईंच्या काळात बालविभागाची चौसष्ट पुस्तके गहाळ झाली. पुढील निर्णय आपण आपल्या जबाबदारीवर घ्यावा.' सही माझी, सध्याची ग्रंथपाल म्हणून.

मी लिहिलं नाही. परवा शुक्रवारच्या सभेत ती चौसष्ट कार्डं टेबलावर उलटी मांडली.

मग भय्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "शरयूताई, देशावर केवढा प्रसंग येऊन गेला, आणि तुम्ही बदकांची पुस्तकं काहून घेऊन बसल्या?" श्यामसुंदरराव हसले. मी म्हटलं, "ती बदकं तुमच्या खिडकीला चिकटलीत." तेव्हा मात्र ते लाल झाले. मी शेवटचं कार्ड पुढे सरकवलं आणि म्हटलं, "आणि हे माझ्याकडे आहे. मी त्या सभेत खोटं बोलले."

मला वाटलं होतं, ते माझ्यावर ओरडतील. विनता, त्यांचे चेहरे उजळले! भय्यासाहेब खुर्चीत मागे टेकले, खरोखर मोकळे झाले. "अच्छा! मग झालं तर. तुम्ही पण आपल्यातल्याच. घरच्या घरात राहू द्या ना जी." श्यामसुंदररावांनी माझ्याकडे चहाचा कप सरकवला. आजवर कधी सरकवला नव्हता.

तो कप बघून मला जी ओकारी आली, ती त्या खिडकीपाशीही आली नव्हती. तीन वर्षं मी त्यांच्यातलीच होते. फक्त त्यांना ते माहीत नव्हतं.

मी कार्डं गोळा केली, किल्ली टेबलावर ठेवली आणि निघाले. घरी येऊन कन्याशाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळं लिहिलं. कोणाकडे किती पुस्तकं, सभेत काय झालं, मी काय बोलले, आणि मुलांसाठी पुस्तकांची कार्डं कशी लावावीत हे जबलपुरात एकाच बाईला कळत होतं, ती कोण. खाली माझं पूर्ण नाव आणि पत्ता. यांनी वाचलं. म्हणाले, "तीन वर्सं झाली, आता काहून?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "दे, शिफ्टला जाता जाता टाकतो." मी दिलं नाही. काल सकाळी स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर करून आले, कार्डांसकट. त्रेसष्ट कार्डांसकट. चौसष्टावं या पत्रात आहे. ते तुझं आहे.

पुस्तक तुला पाठवणार होते. पण काल संध्याकाळी बेबीच्या घरी गेले आणि तिच्या हातात दिलं. श्रीरंग सोबत होता, त्यानेच कव्हर चिकटवलंय, वाकडंतिकडं. बेबीने पहिलं पान उघडण्याआधी मला विचारलं, "दीदी, तुम्ही तर बोलला होता, नाहीये." मी म्हटलं, "खोटं बोलले होते." तिने मान डोलावली आणि वाचायला बसली. तुझ्याइतकीच कमी बोलते.

उत्तराची अपेक्षा मी करू नये आणि करत नाही. ज्योतीला आणि बेबीला तुझी आठवण आहे. कार्ड उलटून तारीख घाल आणि पुस्तक परत आलं म्हणून खूण कर. उशीर झाला तोही लिही.

आपणहून,
शरयू